कॅप्टनला डेडलाइनआधी सोडावं का? हा निर्णय खरं तर दोन वर्षं आधी घ्यायचा असतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही चार वर्षांपासून कॅनडात आहात, अकरा वर्षांच्या मुलामुळे तुम्हालाही आइस हॉकीचा नाद लागला आणि नेमका यंदा तुमचा संघ तळाला जाऊन बसलाय. मार्चमधली ट्रेड डेडलाइन, म्हणजे संघांनी खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख, तोंडावर आलीय. मॅनेजर तिशी ओलांडलेल्या चांगल्या खेळाडूंना एकेक करून बाहेर पाठवतोय. बदल्यात येताहेत अठरा-एकोणीस वर्षांची अनोळखी पोरं आणि ‘ड्राफ्ट पिक’, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या पुढच्या कधीतरीच्या निवडीतला एक नंबर. मुलाच्या जर्सीवर ज्याचं नाव आहे तो कॅप्टनही जाणार अशी कुजबुज आहे. तुम्ही विचारताय, ही सरळसरळ हार मानणं नाही का? आणि मुलाला काय सांगायचं?

मी अल्बर्टातल्या एका ज्युनिअर संघात नऊ हंगाम खेळाडू निवडायचं काम केलंय. सोळा ते वीस वयाची मुलं. त्यांचेही ट्रेड होतात, त्यांनाही डेडलाइन असते, १० जानेवारीची. तुमचा संघ ज्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतो त्या एनएचएलसारखे कोट्यवधींचे करार तिथे नसतात, पण बंद खोलीत ‘कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं’ यावरून जी खडाजंगी होते ती तीच. तेव्हा एनएचएलबद्दल जे सांगतो ते त्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या नजरेतून.

तुम्ही संघाचं नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमचा मॅनेजर बरोबर की चूक हे मी ठामपणे सांगू शकत नाही. ते चार गोष्टींवर ठरतं: त्या खेळाडूचा करार कधी संपतो, ट्रेड नाकारायचा हक्क त्याच्याकडे आहे का, संघाचा स्वतःचा पहिल्या फेरीचा पिक संघाकडेच आहे का, आणि तळाला जाण्याचं कारण दुखापती आहेत की संघच म्हातारा झालाय. या चारांची उत्तरं तुम्ही स्वतः तासाभरात शोधू शकता. करार आता सगळे जाहीर असतात.

त्यातही करार सगळ्यात आधी बघा. एनएचएलचे करार ३० जूनला संपतात. १ जुलैला मुक्त झालेला जाणता खेळाडू मनाला येईल त्या संघात जाऊ शकतो आणि जुन्या संघाला दमडीही मिळत नाही. म्हणजे तुमच्या कॅप्टनचा करार याच उन्हाळ्यात संपत असेल आणि संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, जाणार नसेल, तर त्याला ठेवून मिळणार काय? एप्रिलपर्यंतचे वीसेक सामने. नंतर त्याने दुसरीकडे सही केली की तेलही गेलं, तूपही गेलं. दुसरीकडे स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकायच्या बेतात असलेल्या एखाद्या संघाला याच वीस सामन्यांसाठी आणि पुढच्या दोन महिन्यांच्या प्लेऑफसाठी तो हवा असतो, आणि त्यासाठी ते आपलं भविष्य गहाण टाकायला तयार असतात. डेडलाइनच्या आठवड्यात तिशीतल्या खेळाडूला जो भाव येतो तो जुलैत येत नाही.

अडचण असते पगाराची. लीगने प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा घातलीय. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर. जिंकणारे संघ त्या मर्यादेला टेकलेलेच असतात. म्हणून विकणारा संघ पगाराचा निम्म्यापर्यंत भाग स्वतःच्या खात्यावर ठेवू शकतो. साठ लाखांचा खेळाडू घेणाऱ्याच्या हिशेबात तीस लाखांचा होतो, आणि या सवलतीची किंमत म्हणून आणखी एखादा पिक मागता येतो. असे करार एका संघाला एका वेळी तीनच बाळगता येतात, त्यामुळे ती सवलत कोणावर खर्च करायची हेही मॅनेजरला ठरवावं लागतं. बातमीत ‘पन्नास टक्के पगार ठेवून घेतला’ असं वाचलंत तर फसलो असं समजू नका. तळाच्या संघाकडे विकण्यासारखी जी मोजकी चीज असते, त्यातली ही एक.

आता मुद्द्याचं. जाणत्या खेळाडूला विकणं ही चूक क्वचितच असते. चूक होते ती उशिरा विकण्यात. हे मला कॅलगरीने शिकवलं.

डिसेंबर १९९५. कॅलगरी फ्लेम्सचा कॅप्टन जो न्यूएंडाइक करारावरून संघाशी भांडून घरी बसलेला. १९८९ मध्ये या शहराला स्टॅनली कप मिळाला त्या संघातला तो माणूस. शेवटी संघाने त्याला डॅलसला दिलं आणि बदल्यात मुख्यतः घेतला एक अठरा वर्षांचा, एनएचएलचा एकही सामना न खेळलेला पोरगा. शहर तेव्हा हळहळलं, आज तुमच्या घरी चाललंय अगदी तसंच. त्या पोराचं नाव जरोम इगिन्ला. पुढची सोळा-सतरा वर्षं तो म्हणजेच कॅलगरी होता. संघासाठी ५२५ गोल, २००४ मध्ये संघ थेट अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत. डॅलसचंही नुकसान झालं नाही; न्यूएंडाइकने १९९९ चा कप जिंकून दिला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. योग्य वेळी झालेला सौदा असा दोन्ही घरी दिवा लावतो.

आणि आता त्याच संघाने त्याच इगिन्लाच्या बाबतीत काय केलं ते बघा. २०१० मध्ये प्लेऑफ हुकलं. २०११ मध्ये हुकलं. २०१२ मध्येही. कॅप्टनचं वय वाढत होतं, करार संपत येत होता, आणि दर वर्षी ‘अजून एकदा बघू’ म्हणत तोच संघ थोडी डागडुजी करून उतरवला जात होता. मालकांना, मॅनेजरला, आम्हा चाहत्यांना, कोणालाच त्याला सोडायची हिंमत होत नव्हती. मीही त्यातलाच, कॅलगरीच्या सॅडलडोम स्टेडियमच्या वरच्या रांगेत बसून ‘इगी’च्या नावाने घसा बसवणारा. शेवटी २०१३ च्या मार्चअखेरीस, करार संपायला तीन महिने उरले असताना, ट्रेड झाला. पण कुठे जायचं हे आता इगिन्लाच्या हातात होतं, कारण त्याच्या करारात ट्रेड नाकारायचा हक्क होता. बॉस्टनशी बोलणी जवळजवळ पक्की झाली होती, त्याने पिट्सबर्ग निवडलं. तो त्याचा हक्कच होता आणि मी त्याला कधीही दोष देणार नाही. पण ज्या विक्रेत्याकडे एकच गिऱ्हाईक उरतं त्याला गिऱ्हाईक म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. कॅलगरीला मिळाले कॉलेजात खेळणारे दोन तरुण आणि पहिल्या फेरीचा एक पिक. त्या पिकवर २८व्या क्रमांकाला घेतलेला मुलगा एनएचएलमध्ये एकच सामना खेळला. बाकीचे दोघेही कॅलगरीत स्थिरावले नाहीत. आणि पिट्सबर्ग? उपांत्य फेरीत त्यांना चारही सामने हरवून बाहेर काढलं ते बॉस्टननेच.

एका कॅप्टनच्या बदल्यात इगिन्ला आला, आणि इगिन्लाच्या बदल्यात हाती काहीच लागलं नाही. बाकी कारणंही आहेत, १९९५ मधली नशिबाची साथ आहे, पण मुख्य फरक वेळेचा. न्यूएंडाइक तेव्हा २९ वर्षांचा होता. इगिन्ला ३५ वर्षांचा.

म्हणून तुमच्या कॅप्टनचं वय आणि कराराचं उरलेलं वर्ष बघा. करारात अजून दीड-दोन वर्षं असताना तो विकला जात असेल, तर तुमचा मॅनेजर बहुधा शहाणा आहे, कारण घेणाऱ्याला दोन प्लेऑफ मिळतात आणि किंमत त्या हिशेबाने चढते. शेवटच्या तीन महिन्यांत विकत असेल, तर जे मिळेल ते पदरात पाडून घ्यायचं. तेही काहीच न मिळण्यापेक्षा बरं.

आता उलट बाजू. ‘तळाला आहोत, मग विका’ हा नियम म्हणून धरू नका. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी सेंट लुईस ब्लूज ३१ संघांत सगळ्यात शेवटी होते. त्यांचा कोणता मोठा खेळाडू कुठे जाणार याची चर्चा रोज चालायची. मॅनेजमेंटने हात आवरला. जॉर्डन बिनिंग्टन नावाचा नवखा गोली (गोलरक्षक) आला, संघ सावरला, आणि १२ जून २०१९ ला बॉस्टनमध्ये सातवा सामना जिंकून त्यांनी शहराला पहिला स्टॅनली कप दिला. पण हे उदाहरण पुढे करताना लोक एक गोष्ट विसरतात. तो संघ मुळात बळकट होता. गोलीची बाजू लंगडी पडली होती आणि कोच हंगामाच्या मध्यात बदललेला होता. दुखणं एका जागी होतं. तुमच्या संघाच्या पहिल्या सहा फॉरवर्डांची आणि चार डिफेन्समनची वयं एका कागदावर लिहून काढा. बहुतेक आकडे तिसाच्या पुढचे असतील, तर सेंट लुईसची आशा धरू नका.

पिकच्या मालकीचा मुद्दा तर फारच कमी लोक तपासतात. संघ जितका खाली, तितका त्याचा पिक वरचा, म्हणून तो कोणाकडे आहे हे महत्त्वाचं. ओटावाने नोव्हेंबर २०१७ मध्ये मॅट डुशेनला आणताना स्वतःचा पहिल्या फेरीचा पिक कोलोरॅडोला देऊ केला. २०१९ च्या फेब्रुवारीत संघ तळाला असताना त्यांनी डुशेन, मार्क स्टोन असे मोठे मोहरे विकले, हंगाम अगदी शेवटच्या स्थानावर संपवला, आणि त्या हरण्याचं फळ, चौथ्या क्रमांकाचा पिक, गेलं कोलोरॅडोच्या ताटात. शेत आपण नांगरायचं आणि पीक शेजाऱ्याच्या खळ्यावर जायचं. हरण्याचा फायदा घ्यायचा तर आधी तो पिक घरात असला पाहिजे. आणि घरात असला तरी खात्री नसतेच, कारण वरचे क्रमांक सोडतीने ठरतात: आताच्या नियमांत शेवटच्या संघाला पहिला पिक मिळण्याची शक्यता २५.५ टक्के, म्हणजे चारात एक. तिसऱ्या क्रमांकाखाली मात्र तो आता घसरत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली विक्री न्यूयॉर्क रेंजर्सची. ८ फेब्रुवारी २०१८ ला त्यांनी चाहत्यांना चक्क पत्र लिहिलं: तुमचे काही आवडते खेळाडू आता जातील, आम्ही तरुण संघ बांधतोय. डेडलाइनला अजून अडीच आठवडे होते. एवढं आधी आणि एवढं उघड सांगणारा संघ तोवर मी पाहिला नव्हता. मग रिक नॅश बॉस्टनला गेला, मायकल ग्रॅबनर न्यू जर्सीला, कॅप्टन रायन मॅकडोना टँपाला. नॅशच्या बदल्यात पहिल्या फेरीचा पिक आला, शिवाय रायन लिंडग्रेन नावाचा वीस वर्षांचा डिफेन्समन, ज्याच्याकडे त्या दिवशी कोणी फारसं लक्ष दिलं नाही. ग्रॅबनरच्या बदल्यात दुसऱ्या फेरीचा पिक. हे दोन्ही पिक एकत्र करून रेंजर्सनी ओटावाकडून वरचा क्रमांक घेतला आणि २२व्या क्रमांकावर के’आंद्रे मिलर निवडला. चार वर्षांनी, २०२२ मध्ये, रेंजर्स पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचले तेव्हा लिंडग्रेन आणि मिलर दोघेही त्या बचावात होते.

पण हेही सांगितलं पाहिजे की समोर टँपा होतं, आणि टँपाच्या बचावात मॅकडोना. रेंजर्स पहिले दोन सामने जिंकून पुढचे चार हरले. मॅकडोनाने तोवर टँपासोबत दोन कप जिंकले होते. त्याच्या आणि त्याच्यासोबत टँपाला दिलेल्या जे. टी. मिलरच्या बदल्यात आलेल्यांपैकी कोणीही त्यांच्या तोडीचं निघालं नाही. म्हणजे एकाच आठवड्यातल्या, एकाच मॅनेजरच्या सौद्यांत एक बी रुजलं आणि एक वाया गेलं. मुलं निवडण्याच्या कामात मी हे दर वर्षी बघितलंय. सतरा वर्षांच्या मुलाच्या स्केटिंगवरून, पक (खेळातली रबरी चकती) त्याच्या काठीवर येण्याआधी त्याची मान किती वेळा फिरते यावरून आम्ही अंदाज बांधायचो, आणि तरी निम्मे अंदाज चुकायचे. म्हणून माझं मत पक्कं आहे: एकाच मोठ्या नावाच्या मागे धावण्यापेक्षा दोन-तीन संधी घ्याव्यात. तुमच्या संघाने कॅप्टनच्या बदल्यात काय घेतलं हे बघाल तेव्हा नावं ओळखीची नाहीत म्हणून नाराज होऊ नका. किती संधी आल्या ते मोजा.

अटी असलेले पिकही असतात. २०१९ मध्ये रेंजर्सनी मॅट्स झुकारेलोला डॅलसला दिलं तेव्हा ठरलं होतं की दुसऱ्या फेरीचा पिक मिळेल, पण डॅलसने दोन फेऱ्या जिंकल्या तर तो पहिल्या फेरीचा होईल. डॅलस दुसऱ्या फेरीच्या सातव्या सामन्यात, दुसऱ्या जादा वेळेत, सेंट लुईसकडून हरलं. मिसुरीतल्या एका गोलने न्यूयॉर्कचा पिक खाली आला! तुमच्या कॅप्टनच्या ट्रेडमध्ये अशी अट असेल तर मे महिन्यात तुम्हाला दुसऱ्याच संघासाठी देव पाण्यात ठेवून बसावं लागेल.

एक इशारा मात्र मनापासून. सगळेच्या सगळे जाणते खेळाडू जात असतील, तर काळजी करा. बफेलो २०११-१२ पासून २०२४-२५ पर्यंत सलग १४ हंगाम प्लेऑफबाहेर राहिलं. त्या काळात त्यांच्याकडे वरचे पिक होते, गुणी मुलंही होती. ते का अडकले याची बरीच कारणं सांगितली जातात, पण माझ्या अनुभवात एक गोष्ट फार खरी आहे: हरण्याची सवय लागलेल्या ड्रेसिंग रूममध्ये एकोणीस वर्षांच्या मुलाला कसं वागायचं हे दाखवणारं कोणीतरी लागतं. सरावाच्या आधी पाऊण तास येणारा, सामना ६-१ हरल्यावरही पत्रकारांसमोर उभा राहणारा. असा एक तरी माणूस, गोल कमी करत असला तरी, ठेवायला हवा. तुमच्या संघाने तिशीतला एखादा डिफेन्समन मुद्दाम ठेवला असेल तर त्यामागे हेच असावं.

आणि सोडायचं कसं, याबद्दल. आमच्या ज्युनिअर संघात एक कॅप्टन होता, वीस वर्षांचा, ज्युनिअरमधलं शेवटचं वर्ष. आम्ही शेवटून दुसरे होतो. ९ जानेवारीच्या रात्री त्याचा ट्रेड ठरला. संघाने त्याला सकाळी सांगायचं ठरवलं, पण समोरच्या संघातल्या मित्राचा मेसेज त्याला रात्रीच आला. सकाळी तो आपली बॅग घ्यायला रिंकवर आला तेव्हा उणे ३१ तापमान होतं, आणि त्याच्या खणावरची पांढरी टेप, ज्यावर मार्करने त्याचं नाव लिहिलेलं असायचं, ती आधीच काढून टाकलेली होती. तो काही बोलला नाही. ओले ग्लोव्ह्ज बॅगेत भरले, टेपचा अर्धा रोल सोळा वर्षांच्या आमच्या नवख्या मुलाच्या खणात ठेवला आणि मला विचारलं, “मी कुठे कमी पडलो?” तो कुठेही कमी पडला नव्हता. त्याच्यासाठी आम्हाला सतरा वर्षांचा फार चांगला डिफेन्समन मिळाला होता, कारण तो तेवढ्या किमतीचा होता. हे त्याला आदल्या रात्री, समोर बसवून, आमच्यापैकी कोणीतरी सांगायला हवं होतं. पुढची सगळी वर्षं मी दोन गोष्टींसाठी हटून बसलो: खेळाडूला पहिला फोन आपला गेला पाहिजे, आणि तो स्वतः इमारतीबाहेर पडेपर्यंत त्याच्या नावाची टेप तिथेच राहील. तो सौदा बरोबर होता, असं मी आजही म्हणेन. ती सकाळ मात्र चुकीची होती.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: करार संपत आलाय, संघ वयाने झुकलाय आणि स्वतःचा पिक हातात आहे, एवढं असेल तर ही हार मानणं नाही. या हंगामाची हार तर आधीच झालीय, आता पुढच्यासाठी काही मागे ठेवलं जातंय.

राहिला तुमचा मुलगा. त्याला रे बॉर्कची गोष्ट सांगा. हा माणूस बॉस्टनसाठी एकवीस हंगाम खेळला, कप कधीच मिळाला नाही. २००० मध्ये संघ ढासळला तेव्हा त्याने स्वतःहून एक संधी मागितली आणि ६ मार्चला बॉस्टनने त्याला कोलोरॅडोला सोडलं. ९ जून २००१ ला कोलोरॅडो जिंकलं. कप आधी कॅप्टन जो सॅकिकच्या हातात दिला गेला. प्रथेप्रमाणे तो त्याने डोक्यावर उचलायचा असतो. सॅकिकने तो न उचलता सरळ बॉर्ककडे दिला. काही दिवसांनी बॉर्क तो कप घेऊन बॉस्टनच्या सिटी हॉलसमोर आला, आणि दुसऱ्या शहराने जिंकलेला कप बघायला तिथे हजारो बॉस्टनकर जमले.

तेव्हा जर्सी कपाटात टाकू देऊ नका. एनएचएलमध्ये प्रत्येक संघ प्रत्येक रिंकवर हंगामात एकदा तरी येतो. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होईल. तोवर तो कॅप्टन कुठे सही करतो ते कळलेलं असेल. त्या संघाची तुमच्या शहरातली तारीख शोधा, तिकिटं काढा आणि सामन्याच्या आधीच्या सरावाला तासभर लवकर जाऊन काचेजवळ उभे राहा.